बुवांसाठी दुर्बीण

या, असे जरा पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे भिंतीला टेकून बसणाऱ्याला निम्मंच ऐकू येतं, आणि गोष्टीचंही तसंच आहे. मी एका दुर्बिणीची गोष्ट सांगणार आहे. साधी, दोन डोळ्यांना लावायची, जुन्यात घेतलेली. आमच्या राममंदिरातली कीर्तनाची गादी एकदा चार दिवस रिकामी राहिली होती आणि ती माझ्यामुळे रिकामी राहिली होती. तिथूनच सुरुवात करते.

गुढीपाडव्याची संध्याकाळ. बत्तीस वर्षं झाली त्याला. बार्शीत आमच्या आळीत पाडव्यापासून रामनवमीपर्यंत कीर्तन असे आणि ते विश्वंभरबुवा टेंभुर्णीकरांचंच असे. बुवा तेव्हा बहात्तरचे. जाड भिंगांचा चष्मा. एरवी हात थरथरायचे, पण हातात चिपळ्या आल्या की थरथर कुठे जायची देव जाणे. त्या दिवशी आख्यान ध्रुवाचं होतं. बापाच्या मांडीवरून उठवलेलं ते लेकरू बुवांनी असं काही उभं केलं की आम्हा बायकांचे पदर डोळ्यांवरून खाली येईनात. शेवटी हात उंचावून बुवा म्हणाले, "आणि देवानं त्याला बसवलं कुठं? तर सगळ्या ताऱ्यांत तेजस्वी करून आकाशात. मी रोज अंगणात उभा राहून त्याला बघतो आणि हात जोडतो."

आरती झाली, बुक्का लागला. मी पाया पडायला गेले. मी तेव्हा चौथीला शिकवत होते आणि माझ्या मनात वर्गातली पोरं होती, दुसरं काही नव्हतं. मी विचारलं, "बुवा, पुस्तकात ध्रुव मध्यम तेजाचा म्हणून दिलाय. त्याच्याहून तेजस्वी तारे पुष्कळ आहेत म्हणे. पोरांना मी काय सांगू?"

बुवांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. ध्रुव आकाशात नेमका कुठे असतो, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की उत्तरेला, आपल्याकडून फार वर नाही, क्षितिजापासून थोडाच उंच. ते पायऱ्या उतरून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. नैऋत्येला, पिंपळाच्या शेंड्यावर एक ठळक तारा लखलखत होता. बुवांनी त्याच्याकडे बोट केलं. "मग मी ज्याला हात जोडतो तो हा कोण?"

मला उत्तर देता आलं असतं. मी दिलं नाही. पण माझ्या गप्प बसण्यातच त्यांना ते मिळालं.

दुसऱ्या दिवशी गादी घातलेली होती, समया लावलेल्या, माणसं जमलेली. बुवा आले, गादीला नमस्कार केला आणि खाली, श्रोत्यांत येऊन बसले. विश्वस्त धावले. बुवांनी त्यांना शांतपणे समजावलं. ही नारदाची गादी आहे. इथे उभं राहून वाचलेलं वाचलं म्हणून सांगावं, ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगावं. त्याला दोष नाही. "पण मी बघितलं म्हणालो. चाळीस वर्षं म्हणत आलो. आता खरंच बघेन, तेव्हा उभा राहीन."

दुसरं आख्यान लावा म्हणून विश्वस्तांनी विनवलं. आख्यान बदललं तरी तोंड तेच राहतं, असं म्हणून बुवांनी मान हलवली. त्या संध्याकाळी नुसतं भजन झालं.

बुवांच्या साथीला पेटीवर त्र्यंबकअण्णा कुलथे असत. पेशानं सोनार, वय साठीचं, जीभ कानशीसारखी. तीस वर्षं त्यांनी बुवांना साथ केली होती. त्या दिवशी त्यांनी पेटीला गवसणी घातली, दोन्ही गाठी सावकाश मारल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाले, "बाई, पोरांना गप्प बसवायचा पगार घेता तुम्ही. एक दिवस स्वतःवर प्रयोग करायचा."

मी मान खाली घालून घरी आले. लहानपणापासून कीर्तनाच्या मांडवात वाढलेली मी. वडील वारल्यावर बुवांच्या कीर्तनांनी मला सावरलं होतं. आणि मीच ते कीर्तन बंद पाडलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी बुवांना मंदिरामागच्या धर्मशाळेच्या गच्चीवर नेलं. सप्तर्षी दाखवले. त्या सात ऋषींची नावं बुवांना तोंडपाठ होती, क्रमानं म्हणूनही दाखवली, पण दिसला त्यांना एकही नाही. मी ज्या दिशेला बोट करी तिकडे ते लहान मुलासारखे बघत राहत. शेवटी म्हणाले, "तिकडे काळं आहे, बाई. नुसतं काळं." उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. डॉक्टरांनी पावसाळ्यानंतरची तारीख दिली होती, पण डोळा वाचेलच असं सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर माझे यजमान म्हणाले, डोळे पुरे पडत नसतील तर दुर्बीण घे. ते एसटीत होते. सकाळच्या पहिल्या सोलापूर गाडीत त्यांनी मला खिडकीशी बसवून दिलं. सुट्टीत माहेरी जायचं म्हणून ठेवलेले पैसे मी पर्समध्ये घातले.

सोलापुरात एका मोठ्या दुकानात गेले. काचेच्या कपाटात दुर्बिणी ओळीनं मांडलेल्या. दुकानदारानं लहान-मोठ्या तीनचार काढल्या. प्रत्येकीवर दोन आकडे. मी म्हटलं, सगळ्यात मोठी कोणती? त्यानं तांबड्या भिंगांची एक जडशीळ दुर्बीण पुढे ठेवली. वीसपट, म्हणाला. भिंगं माणकासारखी चमकत होती. माझ्या पर्समध्ये होते त्याहून थोडे जास्तच मागितले, पण मी कानातली काढून ठेवायला तयार झाले. देवाच्या कामाला आखडता हात कशाला, असं माझं तेव्हा साधं गणित होतं. नैवेद्याला आपण उतरलेला आंबा आणत नाही, मग बुवांना हलकी दुर्बीण कशी द्यायची?

तिच्या पट्ट्याची कडी ढिली होती. दुकानदारानं ती दुकानाच्या पायरीवर बसलेल्या कारागिराकडे दिली. एक टेबल, वर भिंगांचा डबा, आणि टेबलामागे बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. नरसय्या येमुल. चष्मे, कॅमेरे, दुर्बिणी, काच असेल ते सगळं दुरुस्त करायचे. स्क्रू आवळता आवळता त्यांनी विचारलं, "कुणाला पायजे ताई?"

मी सगळं सांगितलं. का कोण जाणे, विश्वस्तांना सांगितलं नव्हतं तेवढं त्यांना सांगितलं. त्यांचा स्क्रूड्रायव्हर थांबला.

"वय काय त्यांचं?"

"बहात्तर."

"हात हलतो?"

मी हो म्हणाले.

"मग ही घेऊ नका. वीसपट म्हंजे तारा वीसपट जवळ दिसंल, बरोबर. पण हातबी वीसपट हलंल की. तारा धरायला जातील अन् काजवा दिसंल."

आतून दुकानदार ओरडला, येमुल, माझं गिऱ्हाईक पळवतोस का. येमुलमामा मान वर न करता म्हणाले, पळवत नाही, उद्या तीच दुर्बीण परत करायला आलं असतं, त्यातून वाचवतोय तुला. मग त्यांनी टेबलाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. जुन्या, लोकांनी विकलेल्या दुर्बिणी होत्या तीत. दोन बाहेर काढल्या. दोन्हींवर सात आणि पस्तीस असे आकडे. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा.

ते म्हणाले, सात म्हणजे सातपट, हाताला झेपंल एवढं. पस्तीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरात. पस्तीसला सातनं भागा. पाच. एवढ्या मापाचा उजेड डोळ्यात पडतो. म्हाताऱ्या माणसाची बाहुली अंधारातही साधारण तेवढीच उघडते. त्याहून मोठ्या भिंगाची घेतली तर जादा उजेड गालावर सांडणार आणि वजन तेवढं हातावर येणार. "माणूस बघून दुर्बीण घ्यायची ताई. आकडा बघून नाही."

हे ऐकलं आणि मला लाज वाटली. पेटीवर स्वर धरताना त्र्यंबकअण्णा आधी बुवांचा गळा बघत. रात्री खोकला झालेला असला तर न विचारता पट्टी खाली घेत. हे मी वर्षानुवर्षं समोर बसून बघितलेलं होतं.

येमुलमामांनी पुढचा प्रश्न विचारला तो चष्म्याच्या नंबराचा. मला ठाऊक नव्हता. नुसता नंबर असेल तर चष्मा काढून, मधलं चाक फिरवून भागेल, म्हणाले, पण सिलिंडर असेल, म्हणजे भिंगाला तिरकस बाकही असेल, तर चष्मा लावूनच बघावं लागेल, आणि मग मागची रबरी कडी दुमडणारी पाहिजे. मी समोरच्या बूथवरून बार्शीला त्र्यंबकअण्णांच्या दुकानात फोन लावला. बुवांच्या घरी फोन नव्हता आणि दुसरं कुणाला विचारणार? अण्णा म्हणाले, आता बुवांच्यात आणखी काय तपासायचं राहिलंय. मग माझं ऐकून घेतलं आणि एक क्षणही न थांबता म्हणाले, "उजवा नऊ, डावा साडेसात. सिलिंडर दोन्हीला. लिहून घ्या, तुमचं पाठांतर मला माहीत आहे."

तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारेपर्यंत फोन ठेवलेला होता.

पेटीतल्या दोन दुर्बिणींपैकी एक चकचकीत होती. दुसरीचा काळा रंग घासून पितळ उघडं पडलेलं. येमुलमामांनी मला रस्त्याच्या टोकाशी उभं केलं आणि लांब दिसणारी गिरणीची चिमणी दोन्हींतून बघायला लावली. चकचकीतमधून चिमणी दुहेरी दिसत होती, एकीवर एक सरकलेली. घासलेलीतून एकच चिमणी, विटा मोजाव्यात अशी. ही पडलेली आहे कधीतरी, ते चकचकीत दुर्बिणीबद्दल म्हणाले, हिनं बघितलं की अर्ध्या तासात डोकं धरतं. मग त्यांनी आपला चष्मा चढवला, घासलेलीच्या रबरी कड्या मागे दुमडल्या, चष्म्याला टेकवून बघितलं आणि पूर्ण गोल दिसतोय याची खात्री करून ती माझ्या हातात दिली. पैसे इतके कमी सांगितले की मी पुन्हा विचारलं.

"कीर्तन चालू झालं म्हंजे एकदा येतो ऐकायला," ते म्हणाले. "तेवढं बास."

पंचमीच्या संध्याकाळी, साडेआठच्या सुमाराला, आम्ही पुन्हा धर्मशाळेच्या गच्चीवर चढलो. बुवा, मी, आणि त्र्यंबकअण्णा. अण्णांना मी बोलावलं नव्हतं. बुवांना जिना चढवायला कुणीतरी शहाणं माणूस हवं, एवढंच कारण त्यांनी दिलं. शिखरावरच्या दिव्यांच्या माळा पुजाऱ्यांना सांगून बंद करवल्या होत्या, त्याही अण्णांनीच. बुवांना खुर्चीत बसवलं. आधी मी त्यांना नैऋत्येचा तो ठळक तारा दाखवला, कारण तो त्यांना नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. दुर्बीण चष्म्याला टेकवून, हात थरथरत असतानाही, त्यांना तो सापडला. हा व्याध, मी सांगितलं.

बुवा थोडा वेळ बघत राहिले. "हा हिवाळ्यात इकडे असायचा, उन्हाळ्यात तिकडे, पावसाळ्यात नाहीसाच व्हायचा. मी म्हणायचो, डोळ्यांचा दोष. ध्रुव कसा हलेल?" मग ते हसले, मनापासून. "म्हणजे चाळीस वर्षं मी शिकाऱ्याला हात जोडत होतो, त्र्यंबक."

"त्यालाही कुणी जोडत नसेल," अण्णा म्हणाले. "बरं वाटलं असेल."

मग खुर्ची उत्तरेकडे वळवली. मी मागे उभं राहून बुवांचे हात धरून रोख दाखवला, सप्तर्षींतल्या क्रतू आणि पुलह या दोन ताऱ्यांच्या रेषेत खाली. व्याध ठळक होता म्हणून सापडला होता. हा तसा नव्हता. सापडला असं वाटे आणि निसटे. काहीतरी दिसतंय, धावतंय, असं बुवा म्हणायचे. गच्चीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा, टेकवायला काही नाही. मी खालून स्टूल आणलं तर ते बुटकं पडलं. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. बुवांनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. ते हात त्या दिवशी फारच हलत होते.

"राहू दे, बाई," ते म्हणाले. "तुम्ही केलंत ते पुष्कळ झालं. मी आता श्रोत्यांतच बसत जाईन. तिथूनही ऐकू येतं."

तुम्हाला सांगते, इतक्या सौम्यपणे कुणी काही सोडून देताना मी बघितलं नाही.

त्र्यंबकअण्णा मागे जिन्याच्या तोंडाशी उभे होते. ते पुढे आले, धोतर सावरलं आणि बुवांच्या खुर्चीसमोर, उत्तरेकडे पाठ करून, गच्चीच्या फरशीवर गुडघे टेकून ताठ उभे राहिले. त्यांचा खांदा बुवांच्या चेहऱ्याच्या पातळीला आला.

"ठेवा," ते म्हणाले.

बुवांनी विचारलं, काय ठेवू?

"दुर्बीण. पेटीवर चष्मा ठेवता तशी."

मी त्यांच्या खांद्यावर उपरण्याची घडी घातली आणि वर दुर्बीण टेकवली. बुवांनी पुढे वाकून डोळे लावले. मी अण्णांना डावीकडे थोडं वळा म्हटलं, ते वळले. आणखी थोडं. एक बोटभर खाली. मग मी थांबा म्हणाले आणि ते थांबले. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. तीस वर्षं पेटीचा भाता हलवणारा तो माणूस दगडासारखा झाला.

खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. मी वाट बघत राहिले आणि मला बुवांच्या गालावरून चष्म्याखालून पाणी उतरताना दिसलं.

"एवढासा आहे," बुवा म्हणाले. "त्र्यंबक, एवढासाच आहे रे."

पण ते तिथून उठायला तयार नव्हते. त्यांनी सप्तर्षी बघितले, एकेक ऋषी नाव घेऊन. पुन्हा ध्रुव बघितला. मग म्हणाले, हा अढळ आहे असंही मी सांगत आलो, तेही बघायचं आहे. म्हणून उत्तरेच्या पडक्या धुराड्याच्या कोपऱ्याची खूण धरून आम्ही तिघं तिथेच बसलो, तास-दीड तास. सप्तर्षी दरम्यान चांगले वर सरकले होते, व्याध पश्चिमेला उतरला होता. अण्णांनी पुन्हा गुडघे टेकले. त्या वेळी मला त्यांचं कण्हणं ऐकू आलं, एकदाच. बुवांनी बघितलं. धर्मशाळेच्या पडक्या धुराड्याच्या ज्या कोपऱ्यावर ध्रुव आधी होता, तिथेच होता.

जिना उतरताना मी अण्णांना म्हटलं, तुम्ही तर बघितलंच नाही, थांबा, दाखवते. ते गुडघा चोळत म्हणाले, "मी तिकडे बघायला गेलो असतो तर खांदा हलला असता. चला, उद्या पेटी लावायची आहे. भाता चार दिवस बंद आहे."

षष्ठीला बुवा गादीवर उभे राहिले. पुन्हा ध्रुवाचंच आख्यान लावलं. सुरुवातीलाच सगळ्या गावासमोर सांगितलं की चाळीस वर्षं मी न बघितलेलं बघितलं म्हणून सांगितलं, त्याची क्षमा करा. शेवटी त्याच जागी आले, हात उंचावला, आणि या वेळी तो बरोबर उत्तरेला गेला. "मी काल त्याला बघितला. तो तेजस्वी नाही. त्याच्याहून तेजस्वी कितीतरी आहेत, ते सगळे उगवतात आणि मावळतात. देवानं त्याला तेज दिलं नाही. जागा दिली, आणि त्यानं ती सोडली नाही."

त्यानंतर त्यांनी मला पुढे बोलावलं आणि आपल्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. मागच्या रांगेत येमुलमामा बसले होते; सकाळी दुकानावर फोनवरून निरोप दिला होता, तर सोलापूरहून खरोखरच आले होते. मी रडत होते. पेटीवर त्र्यंबकअण्णा मान खाली घालून स्वर धरून होते. मला वाटलं, आज तरी ते काही बोलतील. हार घेऊन मी जागेवर जाताना त्यांनी भाता न थांबवता विचारलं, की आता बुवांपुढे पुढचं पुस्तक कोणतं काढणार आहात.

बुवा पुढे सात वर्षं उभे राहिले. त्यांची तसबीर मंदिरात आहे, पुण्यतिथीला मोठा कार्यक्रम होतो. ते ठीकच आहे. त्र्यंबकअण्णा बुवांच्या मागोमाग वर्षभरात गेले. पेटीवाल्याची तसबीर कुणी लावत नाही. ध्रुव त्यांनी बघितला की नाही, मला माहीत नाही. मी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्यांनी दुकानाचं निमित्त काढलं.

आता उठायच्या आधी माझं एक मागणं आहे. बुवांना हात जोडाल, देवाला जोडाल, ते जोडाच. पण आज घरी गेल्यावर देवापुढे दिवा लावाल तेव्हा त्र्यंबक विठ्ठल कुलथे हे नाव एकदा तोंडानं घ्या. मोठ्यानं नको, हळूच घ्या. मोठ्यानं घेतलं असतं तर ते तुम्हालाही काहीतरी बोललेच असते.